वेलिंग्टनची जाळी

ओझरच्या विमान कारखान्यात माझी नोकरी पत्रा आणि रिव्हेट यांतच गेली. आमच्या विमानांत वरचा पत्रा नुसतं झाकण नसतो, तो भारही पेलतो. बारीकशी चीर दिसली तरी काम थांबायचं. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं व्हिकर्स वेलिंग्टन हे बॉम्बफेकी विमान मला विलक्षण वाटतं. त्याच्या अंगावर बहुतेक ठिकाणी डोप नावाचं रोगण लावून ताणलेलं कापड होतं, भार सगळा आतल्या जाळीवर.

ही जाळी अभियंता बार्न्स वॉलिस यांची. आर-१०० या हवाई जहाजावरच्या कामातून हा विचार पुढे आला. ड्युरॅल्युमिनच्या वळवलेल्या पट्ट्या एकमेकींना तिरक्या छेदत विमानाच्या अंगाभोवती फिरतात, बुरुडाच्या पाटीसारख्या. एकीवर ताण आला की तिला छेदणारी दाब घेते. काही तुटल्या तर भार शेजारच्या पट्ट्यांकडे जातो. शिवाय सांगाडा हलका, त्यामुळे पल्ला लांबचा. दोन पेगॅसस इंजिनं, प्रत्येकी सुमारे हजार अश्वशक्तीची. २६ मीटर पंखविस्तार, २,००० किलोपर्यंत बॉम्ब, ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपास वेग. पहिलं उड्डाण १५ जून १९३६ रोजी. नाव असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणाऱ्या वेलस्लीचं, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. माझं आजोळ त्याच असईच्या जालन्याकडचं. पण त्या नावाचा राग या सांगाड्यावर काढावा असं मला कधी वाटलं नाही.

युद्धात पहिला धडा कडू मिळाला. १८ डिसेंबर १९३९ रोजी हेलिगोलंड या जर्मन बेटाच्या परिसरात भरदिवसा गेलेल्या २२ वेलिंग्टनपैकी १२ गमावली. पुढच्या-मागच्या मशीनगनचा मारा बाजूला पोचत नव्हता, आणि जर्मन लढाऊ विमानं बाजूनंच आली. इंधनाच्या टाक्यांना गोळी लागली तर भोक आपोआप बुजण्याची सोय नव्हती, विमानं पेटली. दोष जाळीचा नव्हता, पण जाळीनं माणसं वाचलीही नाहीत. त्यानंतर ही विमानं मुख्यतः रात्रीच जर्मनीवर जाऊ लागली.

७ जुलै १९४१ च्या रात्री जर्मनीतल्या म्युन्स्टरहून परतताना एका वेलिंग्टनच्या उजव्या इंजिनाजवळ आग लागली. न्यूझीलंडचा सार्जंट जेम्स वॉर्ड कमरेला दोर बांधून बाहेर पडला. लाथेनं कापड फोडायचं, भोकात पाय रोवायचा, जाळी धरायची, असं करत तो पंखावर पोचला आणि जळतं कापड विझवलं. पत्र्याच्या पंखावर हात-पाय रोवायला जागा मिळाली नसती. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन महिन्यांनी हॅम्बर्गवर तो मारला गेला. २२ वर्षांचा होता.

१९४३ मध्ये वेल्समधल्या ब्रॉटन कारखान्यात कामगारांनी, त्यात कितीतरी बायका, एक वेलिंग्टन २४ तासांच्या आत उभं केलं. ज्यानं स्वतः रिव्हेट मारले आहेत, त्यालाच त्या हातांची घाई आणि नेमकेपणा कळेल. एकूण ११,४६१ विमानं बांधली गेली.

मग जाळी मागे का पडली? वेग आणि उंची वाढली, केबिनमध्ये हवेचा दाब राखायची वेळ आली, आणि कापडात हवा कोंडता येत नाही. व्हिकर्सच्या १९४५ च्या व्हायकिंग प्रवासी विमानाचं धड पत्र्याचं होतं, पंख मात्र सुरुवातीला वेलिंग्टनसारखे जाळीचे. पुढच्या आवृत्तीत तेही पत्र्याचे झाले.