वेहळोली : शेड रिकामी होण्याआधीचे तास

फेब्रुवारी 2022. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास कोंबड्या पटापट मेल्या. पुण्याच्या प्रयोगशाळेने निदान दिलं : एच5एन1, बर्ड फ्लू. खालचे तास त्या पोल्ट्रीच्या रोजनिशीतले नव्हेत. हा विषाणू कोंबडीच्या अंगात ज्या चालीने जातो, त्या चालीचे आहेत. शेड शहापूरची असो की मुरबाडची, चाल तीच.

72 तास आधी

विषाणू आत येतो. बुटाला लागलेली विष्ठा, दुसऱ्या फार्मवरून आलेले अंड्यांचे ट्रे, टेम्पोची चाकं, पाणवठ्यावरचं रानबदक, कुठलीही वाट त्याला चालते.

48 तास आधी

इथे कोंबडीचा श्वास समजून घ्यायला हवा. तिला आपल्यासारखं श्वासपटल नाही. फुप्फुसं लहान, बरगड्यांत रुतलेली, जवळजवळ न फुगणारी. हवा खेळवतात त्या पातळ पडद्याच्या साधारण नऊ हवापिशव्या. त्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात, काहींचे फाटे तर थेट पंखाच्या हाडात जातात. छातीचं हाड खाली-वर झालं की त्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. म्हणूनच भुलीचं आयसोफ्लुरेन हुंगवलं की पक्षी मिनिट-दोन मिनिटांत झोपतो, आणि मात्रा जरा चढली की तितक्याच झपाट्याने हातचा जातो. हवेत मिसळलेला वायू त्याच्या रक्तात फार लवकर उतरतो.

आता विषाणूकडे. कोंबड्यांचा सौम्य फ्लू बहुधा श्वासमार्ग आणि आतड्यांपुरता राहतो. एच5एन1ला कामाला लावणारी विकरं मात्र शरीरभर असतात. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, हृदयात, मेंदूत पसरतो. बाहेरून कोंबडी अजून धडधाकट दिसते, पण शेजारणीला लागण देऊ लागलेली असते.

24 तास आधी

खाद्य उरतं. पाणी कमी जातं. अंडी घटतात, काही मऊ कवचाची येतात. पक्षी दुखणं लपवतो. कळपात अशक्त दिसणं म्हणजे शिकाऱ्याच्या डोळ्यात भरणं. कोंबडी उभी आहे तोवर फार्मवाल्याला वाटतं, थंडीचा परिणाम असेल. माझ्या मते सगळं याच तासांवर ठरतं. उरलेलं खाद्य पाहूनच पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन जायला हवा. तो का जात नाही, हेही मला कळतं. निदान तेच निघालं तर अख्खी शेड मारली जाणार, आणि 2021 च्या सरकारी भरपाईच्या दरांनुसार अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीमागे हातात येणार 90 रुपये. कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाला हा फोन जड जातो.

6 तास आधी

मान पिसांत, डोळे मिटलेले, चोच उघडी. प्रत्येक श्वासासरशी शेपटी हलते. तुरा निळा-जांभळा पडतो, पायांच्या उघड्या कातडीखाली रक्त साकळतं. अशी कोंबडी तपासायला उचलताना छाती आवळून धरली तर ती हातातच गुदमरते, कारण छातीचं हाड हललं नाही तर श्वासच नाही. उताणी ठेवली तरी पोटातले अवयव हवापिशव्यांवर दाबतात. धरायची ती पंख अंगाला लावून, छाती मोकळी ठेवून.

शून्य

एक, मग दहा, मग मोजणं अवघड. घशातले आणि गुदमार्गातले नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे निघतात.

त्यानंतर

18 फेब्रुवारीला बातमी आली. एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे 25,000 पक्षी मारावे लागतील, असं ठाणे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी भाऊसाहेब दांगडे यांनी सांगितलं. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकड्यांनी कोंबड्या मेल्या. दोन्हीकडे असेच आसपासचे पक्षी मारावे लागले. परिघातले सगळे पक्षी मारण्याच्या या नियमात आजारी आणि निरोगी असा भेद नाही. परिघात घर असेल, तर अंगणातल्या चार गावठी कोंबड्याही त्यात येतात.