वर्ग, वस्तुलक्षी आज्ञावलीतील

संगणकाच्या आज्ञावलीत माहिती व तिच्यावर करावयाच्या क्रिया यांना एकत्र बांधणाऱ्या साच्यास वर्ग किंवा क्लास म्हणतात. या साच्यानुसार निर्माण होणाऱ्या प्रत्येक घटकास वस्तू अशी संज्ञा आहे. उदा., ब्रह्मपुरी परिसरातील एखाद्या भातगिरणीच्या हिशेबाच्या आज्ञावलीत ‘धानाची आवक’ हा वर्ग, तर आवकेची प्रत्येक नोंद ही वस्तू होय. वजन, ओलावा व दर ही तिची माहिती आणि देय रक्कम काढणे ही तिची क्रिया. आवक, साठा, भरडाई व देयक हे सर्व एकाच मोठ्या वर्गात घालावे की प्रत्येकासाठी लहान वर्ग करावा, हा या पद्धतीतील जुना प्रश्न आहे.

वर्गाची कल्पना ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी ऑस्लो येथे सिम्यूला ६७ या भाषेत मांडली. त्या दशकात स्मृती फार अपुरी असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची मुख्य स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. अशा परिस्थितीत प्रत्येक जादा वस्तू व प्रत्येक जादा आवाहन महाग ठरे. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांना केंब्रिज येथे सिम्यूलाची रचना सोयीची वाटली. परंतु तिची गती असह्य वाटल्याने त्यांना आपले काम बीसीपीएल या भाषेत पुन्हा लिहावे लागले. यातूनच १९७९ मध्ये त्यांनी बेल प्रयोगशाळेत सुरू केलेल्या कामाची परिणती सी++ या भाषेत झाली. तीत लहान क्रियेचा मजकूर आवाहनाच्या जागीच बसविण्याची सोय असल्याने लहान वर्गांचा खर्च पुष्कळ कमी झाला. स्मॉलटॉक भाषेसाठी १९८४ मध्ये डॉइच व शिफमन यांनी मागील आवाहनाच्या वेळी शोधून काढलेली क्रिया जपून ठेवण्याची युक्ती वापरली. पुढे सेल्फ व जावा या भाषांच्या प्रणालींनी तिचा विकास केला.

वर्गात क्रिया पुष्कळ असल्या म्हणून वस्तू जड होत नाही. क्रियांचा मजकूर सामान्यतः एकदाच साठविला जातो. वस्तूचे आकारमान तीमधील माहितीवर अवलंबून असते. म्हणून लाखो वस्तू हाताळताना क्वचित लागणारी माहिती त्याच वर्गात ठेवल्यास प्रक्रियकाजवळील शीघ्र स्मृती वाया जाते व गती घटते. उलटपक्षी, माहिती अतिशय लहान वस्तूंत विखुरल्यास एकीकडून दुसरीकडे जाण्यातच वेळ जातो.

आकारमानाचा संबंध दोषांशीही येतो. चिदंबर व केमेरर यांनी १९९४ मध्ये वर्गरचनेची सहा मापे सुचविली. ही मापे दोषप्रवण वर्ग दाखवितात असे अनेक पाहण्यांत आढळले. तथापि एल् एमाम व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये एका मोठ्या दूरसंचार प्रणालीच्या अभ्यासात आकारमानाचा परिणाम वजा केला, तेव्हा त्यांनी तपासलेल्या मापांचा दोषांशी दिसणारा संबंध नाहीसा झाला. अर्थात मोठ्या वर्गात दोष अधिक आढळतात, ही साधी बाब मापांच्या आड दडली होती.

यावरून वर्गाची मर्यादा ओळींच्या संख्येवर नव्हे, तर त्याच्या जबाबदारीवर ठरविणे इष्ट होय. धानाचा दर बदलला असता साठ्याचा वर्ग उघडावा लागत असेल, तर विभागणी चुकली असे समजावे. गतीसाठी वर्ग एकत्र करणे हा उपाय प्रत्यक्ष मापनानंतरच योजावा. कारण ज्या यंत्रांमुळे तो आवश्यक ठरला होता, ती आता वापरात नाहीत.