पेशींतील पाहुण्यांची वंशावळ

आपण खातों तें अन्न आणि घेतों तो श्वास यांचा शेवटचा हिशेब पेशींतील ज्या बारीक कणांत होतो, त्यांस तंतुकणिका म्हणतात. हे कण मूळचे आपले नव्हेत, कोणे एके काळीं स्वतंत्रपणें जगणाऱ्या जीवाणूंचे ते वंशज आहेत, ही गोष्ट आज जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसली आहे. परंतु तेथवर पोहोंचण्यास तिला पाऊणशें वर्षें लागलीं. तीं कां लागलीं, हें पाहण्याजोगें आहे.

१८९० सालीं जर्मनींत रिचर्ड आल्टमन यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं हे कण पाहून ते स्वतंत्र जीवच असावेत असें प्रतिपादन केलें. १९०५ सालीं रशियांतील कझानच्या कॉन्स्टंटिन मेरेश्कोव्स्की यांनीं वनस्पतींच्या हरितलवकांविषयीं असाच तर्क नेटानें मांडला: हरितलवक हें रोपानें घडविलेलें नाहीं, बाहेरून येऊन आंत नांदूं लागलेला तो एक सूक्ष्मजीव आहे. अमेरिकेंत आयव्हन वॉलिन यांनीं १९२७ सालीं याच विषयावर ग्रंथ लिहिला, आणि तंतुकणिका पेशीबाहेर काढून आपण वाढविल्या असा दावा केला. येथेंच घात झाला. त्यांनीं वाढविले ते बाहेरून मिसळलेले साधे जीवाणू होते, असें इतरांनीं ठरविलें, आणि प्रयोगाबरोबर कल्पनाहि बदनाम झाली. न्यूयॉर्कचे विख्यात पेशीशास्त्रज्ञ एडमंड विल्सन यांनीं तर १९२५ सालींच सुनावलें होतें कीं, हा विषय शिष्ट शास्त्रज्ञमंडळींत काढण्यासारखा नव्हे. मात्र पुढें केव्हां तरी त्याचा गंभीरपणें विचार करावा लागेल, अशी पुस्तीहि त्यांनीं जोडली होती. ही पुस्ती विसरून त्यांस नुसतें जुनाट ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. चेहरा मिळतो एवढ्यावरून कोणी वारसाहक्क सांगूं लागला, तर न्यायाधीश कागदपत्र मागणारच. आणि त्या पिढीजवळ कागदपत्र नव्हतें.

तें पुढें सांपडलें. १९६२ सालीं हॅन्स रिस व वॉल्टर प्लॉट यांस हरितलवकांत डीएनए हें आनुवंशिक द्रव्य आढळलें, आणि पुढच्याच वर्षीं मार्गिट व सिल्व्हन नास या दोघांनीं कोंबडीच्या गर्भांतील तंतुकणिकांत तें दाखविलें. केंद्रकाबाहेर या कणांजवळ स्वतःची निराळी शिदोरी निघाली! १९६७ सालीं लिन मार्ग्युलिस या एकोणतीस वर्षांच्या बाईंनीं (त्या तेव्हां सेगन हें आडनांव लावीत) जुना तर्क व हे नवे पुरावे एकत्र गुंफून लेख प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं पंधराएक नियतकालिकांनीं तो परत केला होता.

तथापि निकाल लागला तो कागद वाचतां येऊं लागल्यावर. प्रथिनें घडविणारा रायबोसोम प्रत्येक जीवांत असतो, आणि त्याच्या आरएनएंतील अक्षरें पिढ्यानपिढ्या फार सावकाश बदलतात. नकलाकारांच्या चुकांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें जसें ठरवितात, तसेंच हें काम. कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें लिंडा बोनेन, फोर्ड डूलिटल व मायकेल ग्रे यांनीं १९७५ ते १९७७ या काळांत तांबड्या शेवाळाच्या हरितलवकाची व गव्हाच्या तंतुकणिकेची अशी पोथी तपासली. ती यजमानाच्या पोथीशीं जुळली नाहीं. जीवाणूंच्या पोथीशीं जुळली.

मानवी तंतुकणिकेंतील डीएनएचें संपूर्ण वाचन १९८१ सालीं केंब्रिज येथें झालें. अक्षरें १६,५६९ आणि जनुकें अवघीं ३७. स्वतंत्र जीवाणूस त्याहून कितीतरी अधिक लागतात. मग बाकीचीं गेलीं कोठें? कित्येक नष्ट झालीं, कित्येक यजमानाच्या केंद्रकांत जाऊन बसलीं. पाहुण्यानें आपली बहुतेक इस्टेट घरधन्याच्या नांवें करून दिली, आतां त्यास वेगळें निघतां येत नाहीं. वॉलिन यांची तंतुकणिका बाहेर वाढणें शक्यच नव्हतें, तें याचमुळें.

हा केवळ पुराणवस्तूंचा विषय नव्हे. जंतूंचा रायबोसोम बिघडविणारीं स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें कांहीं घराण्यांत कायमचें बहिरेपण आणतात. त्याचें कारण १९९३ सालीं उमगलें: तंतुकणिकेच्या डीएनएंत १,५५५ व्या स्थानीं एक अक्षर बदललें, कीं तिचा रायबोसोम जंतूच्या रायबोसोमसारखा अधिकच दिसूं लागतो, आणि औषध शत्रु समजून घरच्यासच मारतें. तंतुकणिका आईकडून येतात, म्हणून हा दोषहि आईकडूनच उतरतो. आजोळीं कोणास असें बहिरेपण आलें होतें काय, हा वैद्याचा प्रश्न यासाठींच अगत्याचा.

मार्ग्युलिस बाईंचें धैर्य वाखाणतांना एक गोष्ट दडवूं नये. पेशींच्या हलत्या शेपट्याहि मळसूत्री जंतूंपासून आल्या, असेंहि त्यांचें म्हणणें होतें, आणि २०११ सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं तें सोडलें नाहीं. जिद्द दोन्हीं ठिकाणीं सारखीच. परंतु शेपट्यांची वंशावळ सांगणारा कागद निघाला नाहीं.

राहिला प्रश्न यजमानाचा. पाहुण्यास घरांत घेणारा कोण होता? २०१५ सालीं उप्सालाच्या संशोधकांनीं उत्तरेकडील सागराच्या तळच्या गाळांतून आर्किया वर्गांतील एका जीवाचीं जनुकें वाचलीं. त्यांत केवळ आपल्यासारख्या पेशींतच असतात असें समजलीं जाणारीं कित्येक निघालीं. जीव मात्र कोणी पाहिला नव्हता. जपानी संशोधकांनीं २००६ सालीं नानकाई द्रोणीजवळून, २,५३३ मीटर खोलीवरून आणलेल्या चिखलांतून तशाच एका जीवाची बारा वर्षें जोपासना केली. २०२० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें: दुपटीस दोन ते साडेतीन आठवडे घेणारा, सोबतीस दुसरा सूक्ष्मजीव असल्याशिवाय न वाढणारा, आणि अंगांतून लांब फांटे फुटलेला. अशाच फांट्यांनीं शेजाऱ्यास कवेंत घेतां घेतां तो आंत आला असावा, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. या जीवाच्या पोटांत मात्र कोणी पाहुणा आढळला नाहीं.