झडतीविरुद्धचे संरक्षण : बाबासाहेबांनी मान्य केले, सभागृहाने नाकारले

२६ नोव्हेंबर जवळ आला की हिंगोली जिल्ह्यात आमची धावपळ सुरू होते. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्या ना कुठल्या विहारातून किंवा शाळेतून संविधानावर बोलायला बोलावणे येते. अशाच एका कार्यक्रमात बारावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पोलीस घरात घुसले तर त्यांना संविधानाचे कोणते कलम दाखवायचे?" आमच्यातल्या एका वक्त्याने ठोकून दिले, "वॉरंट नसेल तर पोलीस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकूच शकत नाहीत. संविधानातच तसे आहे!" टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या.

उत्तर चूक होते. नुसते चूक नाही, धोक्याचे होते. त्या भरवशावर उद्या तो मुलगा दारात आडवा उभा राहिला, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होईल आणि टाळ्या वाजवणारे आम्ही ठाण्याबाहेर उभे असू. म्हणून हा लेख. असे कलम संविधानात का नाही, याचा इतिहास आपल्या पोरांना माहीत पाहिजे. कारण ते कलम असावे असे बाबासाहेबांनीच लिहून दिले होते.

मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेच्या समितीपुढे ठेवले. आपण त्यातला राज्य समाजवाद आणि स्वतंत्र वसाहतींचा भाग आवर्जून वाचतो. पण त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक हक्क आहे. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होता कामा नये. सबळ कारण असल्याशिवाय आणि ते शपथेवर सांगितल्याशिवाय वॉरंट निघू नये. वॉरंटात जागा कोणती आणि वस्तू कोणती हे नेमके लिहिलेले असावे. अमेरिकेच्या घटनेतली चौथी दुरुस्ती त्यांनी जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यातही घराच्या सुरक्षिततेचा हक्क होता.

मूलभूत हक्कांच्या उपसमितीने हे तत्त्व आपल्या मसुद्यात घेतले. तिथे आडवे आले ते कायदेपंडित. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचे म्हणणे असे की, न्यायालयाच्या वॉरंटशिवाय झडतीच नाही असा अर्थ निघाला तर पोलिसांच्या तपासाचे हात बांधले जातील. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही विरोध होता. कलम गळाले.

मग ३ डिसेंबर १९४८ उजाडला. त्या वेळी आपली हिंगोली कुठे होती? परभणी जिल्ह्यात, हैदराबाद संस्थानात. निजामाची शरणागती होऊन जेमतेम अकरा आठवडे झाले होते आणि इथे लष्करी प्रशासन चालू होते. पैनगंगेपलीकडे मात्र मध्य प्रांत आणि वऱ्हाड. त्याच प्रांतातून निवडून गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी त्या दिवशी संविधान सभेत हा हक्क दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा मांडला. करीमुद्दीन मुस्लिम लीगचे. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत लीगच्या सदस्याची सूचना कोण मनावर घेणार?

बाबासाहेबांनी घेतली. ते उठून म्हणाले की ही दुरुस्ती स्वीकारायला आपण तयार आहोत. यात नवे काही नाही, हे सगळे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. पण उद्याचे विधिमंडळ ते काढूनही टाकील, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ही तरतूद इतकी महत्त्वाची आहे की ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणेच इष्ट. मित्रांनो, हा युक्तिवाद नीट लक्षात घ्या. कायद्यात असलेला हक्क आणि संविधानात असलेला हक्क यांतला फरक यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

टी. टी. कृष्णम्माचारींच्या आग्रहावरून मतदान पुढे गेले, आणि शेवटी दुरुस्ती नामंजूर झाली. मसुदा समितीचा अध्यक्ष हो म्हणतो आणि सभागृह नाही म्हणते. संविधान बाबासाहेबांच्या मनासारखे शब्दन् शब्द उतरले असे मानणाऱ्या आपल्या काही भाबड्या मित्रांनी या दिवसाचे कामकाज एकदा तरी वाचावे.

त्या मतदानाची किंमत सहाच वर्षांत कळली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की घटनाकारांनी अमेरिकेसारखी तरतूद मुद्दामच घातलेली नाही, तेव्हा आम्ही ती मागच्या दाराने आत आणणार नाही. १९६२ मध्ये खडक सिंगचा खटला आला. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या गुन्ह्यात पुराव्याअभावी सुटलेला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाचे हिस्ट्रीशीट उघडले. रात्री दार ठोठावायचे, उठवायचे, घरात आहे का बघायचे. आपल्याकडच्या पारधी पालावर हे कोणाला नवीन आहे? गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पालावरची ती रात्र संपली नाही. न्यायालयाने खडक सिंगच्या घरची रात्रीची भेट घटनाबाह्य ठरवली, पण खासगीपणा मूलभूत हक्क नाही असेही म्हणून ठेवले. तो हक्क आहे, कलम २१ मध्येच आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. पुट्टस्वामी निकाल तो. त्यात बाबासाहेबांच्या १९४७ च्या निवेदनाचा उल्लेख आहे.

म्हणजे आज त्या मुलाला काय सांगायचे? कलम २१ तुझ्या पाठीशी आहे, पण दारात उभे राहून दाखवायचा कागद आहे तो साध्या कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासात पोलिसांना काही परिस्थितीत वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण कलम १८५ प्रमाणे आधी कारणे लिहून ठेवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे जावी लागते. कलम १०३ प्रमाणे त्या भागातले दोन पंच हवेत. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत दिली पाहिजे, बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. कलम १०५ प्रमाणे झडतीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. दार अडवू नका, प्रत मागा. हे सगळे एक गोष्ट ध्यानात ठेवून शिकवावे लागते : १९७३ च्या पूरणमल निकालाप्रमाणे झडती बेकायदा होती एवढ्यावरून त्यातला पुरावा बाद होत नाही.

हे आम्ही पुस्तकातून नाही सांगत. १९९९ पर्यंत आमचा जिल्हा परभणीच होता, आजही सोयरीक तिकडचीच. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, आणि त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांत कोम्बिंग करून घरात घुसून बायकापोरांना मारल्याच्या तक्रारी झाल्या. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळायला जुलै २०२५ उजाडला. कोम्बिंगला ना यादी, ना पंच. कलम १०३ ची जी जी अट आहे ती घेऊन त्या रात्रीला प्रश्न विचारता येतो, पण प्रश्न विचारणाऱ्याला ती अट ठाऊक असेल तर.

आता आम्ही वर्गात भाषण कमी करतो. नावे खोडलेला एखादा जुना पंचनामा मुलांच्या हातात देतो आणि त्यात काय नाही ते शोधायला लावतो. वेळ नाही, वस्तूचे वर्णन नाही, सही कोऱ्या कागदावर घेतल्यासारखी. गेल्या खेपेला एका मुलीने कायद्यातल्या "स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी" या शब्दांवर बोट ठेवले. "प्रतिष्ठित म्हणजे गावातले कोण, सर? आपल्या वस्तीतला पंच चालतो का?"

चालतो. कायद्यात जात लिहिलेली नाही. लेखी बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणे हा तर गुन्हा आहे. तरी पंच म्हणून बहुतेक वेळा गावातलाच कोणी, ठाण्याच्या ओळखीचा माणूस उभा केला जातो आणि आपल्या वस्तीतले लोक "कशाला कोर्टाच्या भानगडीत" म्हणून मागे सरतात. त्या दिवशी वर्गातल्या अकरा जणांनी आपापली नावे वहीत लिहून दिली : आमच्या वस्तीत झडती आली तर पंच म्हणून आम्हाला बोलवा.