खोपोलीची वीज, मुळशीची जमीन आणि मताचा हक्क

१/ कुंभिवलीच्या परिसरात, म्हणजे कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात, शंभर वर्षांपूर्वी एक प्रश्न जन्माला आला. विजेची किंमत कोणी चुकवायची आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाचा? त्याचे उत्तर वीजगृहांइतकेच मतपेटीतही शोधावे लागते.

२/ १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पावसाचे पाणी अडवले गेले. ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पहिले मोठे ग्राहक होते मुंबईच्या कापडगिरण्या. दुरून आणाव्या लागणाऱ्या कोळशापेक्षा ही वीज त्यांना परवडणारी होती.

३/ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. तारा कोकणातल्या भातखाचरांवरून मुंबईकडे गेल्या. त्याखालच्या गावांत मात्र कंदीलच तेवत राहिले.

४/ या गावांचे म्हणणे मांडणार कोण? १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ विस्तारले, पण मताचा हक्क मिळकत, जमीनमहसूल व प्राप्तिकर यांवर अवलंबून होता. बहुसंख्य कुळे, शेतमजूर, कातकरी आणि ठाकर त्याबाहेरच राहिले. शिवाय महसूल व पोलीस ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखीव होती. ज्यांना मत होते, त्यांच्या प्रतिनिधींचाही तेथे हुकूम चालत नव्हता.

५/ याच काळात घाटमाथ्यावर मुळशीचे धरण आखले गेले. मावळातील पन्नासहून अधिक गावांच्या भातजमिनी बुडणार होत्या. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीसाठीही जमीन घेण्याची मुभा देत होता. मोबदला घ्यावा की नाही, एवढेच शेतकऱ्याच्या हाती होते. जमीन द्यावी की नाही, हे नव्हते.

६/ मतपेटीचे दार बंद असल्याने लोक धरणाच्या जागेवरच जाऊन बसले. १६ एप्रिल १९२१, रामनवमी: मुळशी सत्याग्रहाला प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यानेच ‘सेनापती’ झाले. काही काळ काम थांबले, मग पुन्हा सुरू झाले. पुढे रेल्वेगाडी अडवण्याच्या प्रकरणात बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. मावळ्यांत फूटही होती. अनेक जमिनी सावकारांकडे गहाण होत्या आणि सावकारांना मोबदला हवा होता. अखेर १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजगृह सुरू झाले.

७/ त्याच दशकाच्या अखेरीस प्रश्नाचा दुसरा धागा पुढे आला. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनसमोर प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ज्याच्याकडे मिळकत नाही, त्यालाच राजकीय संरक्षणाची सर्वाधिक गरज असते; मग मिळकतीची अट लावून नेमके त्यालाच बाहेर का ठेवायचे?

८/ आणि हेच आंबेडकर १९४२ नंतर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना विजेच्या धोरणाकडे वळले. १९४३ मध्ये त्यांनी थेट विचारले: वीज सरकारी मालकीची असावी की खासगी? खासगी असेल, तर जनहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात? वीज नुसती मुबलक नव्हे, शक्य तितकी स्वस्त हवी, कारण तिच्याविना उद्योग नाहीत आणि उद्योगांविना दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

९/ दोन्ही धागे स्वातंत्र्यानंतर एकत्र आले. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा केला; १९५१-५२ मध्ये प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि विजेचा दर हा राज्याच्या राजकारणाचा विषय बनला.

१०/ आज दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर निश्चित करण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे आयोगावर बंधनकारक आहे. १९२१ च्या मावळ्याला असे दार नव्हते. म्हणून त्याला धरणाच्या जागेवर बसावे लागले. आज दार आहे. पण सुनावणीच्या दिवशी गावातून कोणीच गेले नाही, तर खोपोलीच्या काळासारखाच हिशेब पुन्हा दुसऱ्याच्या हाती राहतो.