रिद्धपूरची पोथी आणि पवईचा अभ्यासक्रम

डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्याकडे एक ठरलेली वाट धरली जाते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला अहवाल दिला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र, म्हणजे आयडीसी, सुरू झाले. ही वाट खरी आहे. परंतु ती वऱ्हाडातून जात नाही. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या वाचकाला हा इतिहास महानगरांचा, परका वाटतो. या परकेपणाचे कारण केवळ अंतरात नाही, विषयांच्या वाटणीतही आहे, असे आम्हांस वाटते. मराठीचे लिहिलेले पान ही वस्तू एकच. पण विद्यापीठांनी ती दोन पदव्यांत विभागली आणि दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांच्या हाती अर्धाच ऐवज आला.

आधी पवईकडे पाहू. या केंद्राच्या घडणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते जर्मनीतील उल्मच्या डिझाइन विद्यालयात गेले होते. वस्तू सजवणे म्हणजे डिझाइन नव्हे. वापरणारा, साहित्य, उत्पादनाची रीत आणि उपयोग यांचा एकत्र विचार म्हणजे डिझाइन, ही उल्मची भूमिका पवईतही रुजली. ईम्स दांपत्याच्या अहवालातही आपल्या साध्या लोट्याचे विवेचन याच अंगाने केलेले आहे. त्याचा तोल, धरण्याची सोय, त्यातून पाणी ओतले जाण्याची रीत यांविषयीचे प्रश्न त्यांनी एकेक करून मांडले. हे ज्ञान मराठीत आणताना मात्र आपण नावापाशीच अडखळलो. शासकीय परिभाषेत कुठे ‘अभिकल्प’ आहे, कुठे ‘संकल्पचित्र’. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘डिझाइन’च राहिले.

त्याच १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाणारे. तेथे विकसित झालेली छोटी डाळ गिरणी खेड्यापाड्यांत पोहोचली. तूर पिकवणाऱ्याला डाळ गावातच करता यावी, हा तिचा हेतू. उल्मच्या व्याख्येने हे अस्सल डिझाइन होय. पण आपल्याकडे त्याची नोंद कृषी अभियांत्रिकीत झाली. वऱ्हाडात डिझाइन नव्हते असे नाही. ते दुसऱ्या खात्यावर जमा होत राहिले.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी याहून जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे आहे. गोविंदप्रभूंच्या या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, पारिमांडल्य, अंक अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असते. किल्ली ज्याच्यापाशी, पोथी त्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला कित्येक शतकांचा दडलेला गद्याचा ठेवा मिळाला. मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती सिद्ध केली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, तोवर मराठीच्या पदव्युत्तर वर्गात हे गद्य मानाचे स्थान मिळवून बसले होते.

मात्र वर्गात आली ती संहिता. पान आले नाही. बोरूचा काप तिरका असल्याने अक्षराला जाड-बारीकपणा कसा येतो, गुप्त लिपीत लिहिताना नक्कलकाराचा हात कुठे चुकतो, त्या चुकीतून पाठभेद कसा जन्मतो, हे प्रश्न वाचनाचेही आहेत आणि डिझाइनचेही. गुप्त लिपीमागे पंथनिष्ठा होती, डिझाइनचा विचार नव्हता, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु कोणाला वाचता यावे आणि कोणाला येऊ नये, हे ठरवून अक्षरव्यवस्था रचणे यापरते हेतुपूर्वक डिझाइन दुसरे कोणते?

दुसरे अर्ध पवईत होते. १९८० च्या दशकात तेथे दृश्यसंवादाचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला आणि र. कृ. जोशी यांच्यासारखा कवी-सुलेखनकार प्राध्यापक म्हणून लाभला. अक्षर ऐकण्याची, पाहण्याची आणि घडवण्याची वस्तू आहे, हे ते विद्यार्थ्यांना शिकवीत. पुढे त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज प्रणालीतून घरोघरी पोहोचला. २००८ मध्ये ते निवर्तले. वऱ्हाडातील मराठीच्या किती संशोधकांनी आपले प्रबंध त्यांच्याच अक्षरांत टंकित केले असतील! त्या प्रबंधांत अक्षरांचा कर्ता येण्याचे कारण नव्हते. तो दुसऱ्या विषयाचा मानला गेला होता.

या वाटणीची किंमत विद्यार्थी मोजतो. एम. डेस.साठीची सीईईडी ही प्रवेश परीक्षा इंग्रजीत होते. अकोल्याच्या मराठी माध्यमातील मुलीचा हात आणि नजर तयार असली, तरी आपला विचार तिला परभाषेतच मांडावा लागतो. मराठीत शब्दच नाहीत, ही सबब अक्षरांपुरती तरी टिकत नाही. शिरोरेषा, दंड, काना, मात्रा, वेलांटी, उकार, गाठ ही परिभाषा आपण पाटीवरच शिकलेलो असतो. नाही ती एवढीच, की या शब्दांत पदव्युत्तर पातळीचे लेखन पुरेसे झालेले नाही. ते काम साहित्याच्या अध्यापकांचेही आहे.

२०२४ मध्ये रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला पहिले कुलगुरू मिळाले. तेथील मराठीचा विद्यार्थी आणि पवईचा डिझाइनचा विद्यार्थी एका पोथीसमोर बसले, तर कामाला कुठून आरंभ करावा हा प्रश्न पडू नये. एकाने पाठ लावावा, दुसऱ्याने अक्षराचे वळण मोजावे. आणि ते पान आजच्या वाचकाला पडद्यावर, मूळ रूप न गमावता, कसे वाचता येईल हे दोघांनी मिळून ठरवावे. असा प्रबंध कोणत्या पदवीसाठी सादर करायचा, हे विद्यापीठांनी मागाहून खुशाल ठरवावे.