धावत्याचे छायाचित्र

पाडव्याची ओवाळणी झाली, फराळाची ताटे उचलली गेली, की घरातील एखादा उत्साही गृहस्थ सर्वांना अंगणात उभे करतो. थोरली माणसे खुर्च्यांवर, सुना-लेकी मागे, पोरे पुढे मांडी घालून. मग कॅमेऱ्यामागून हुकूम सुटतो, "कोणी हलू नका!" नेमके त्याच क्षणी धाकटे चिरंजीव मांजराच्या मागे धावतात आणि छायाचित्रात त्यांच्या जागी एक धुरकट पट्टा उमटतो. पुढे कित्येक वर्षे आजी त्या पट्ट्यावर बोट ठेवून पाहुण्यांना सांगत असते, "हा आमचा बाळू."

"हलू नका" हा हुकूम छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. १८३८ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. दिवसाउजेडी रस्ता माणसांनी आणि घोडागाड्यांनी वाहत असला पाहिजे; पण चित्रात तो ओस दिसतो. प्रकाशाचा ठसा उमटण्यास काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात जे हलले त्याचा मागमूसही उरला नाही. राहिला तो एक इसम, एका पायाचा बूट पॉलिश करून घेण्यासाठी उभा असलेला. धावपळ करणारे सारे पॅरिस पुसले गेले आणि थांबलेला एकटा माणूस इतिहासात अमर झाला!

आपल्याकडे ही विद्या फार उशिरा आली असे नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. पुढे निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ यांची कीर्ती झाली. धाराशिवचा मुलूख १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होता, आणि उस्मानाबाद हे त्याचे नावही तिकडूनच आलेले. २०२३ मध्ये जिल्ह्याला आपले जुने नाव परत मिळाले.

या मुलुखाची जुनी चित्रे काय दाखवतात? १८७५-७६ च्या हंगामात जेम्स बर्जेस यांनी धाराशिवच्या लेण्यांची पाहणी केली. लेणी, तेरची पुरातन देवळे, नळदुर्गचा किल्ला ही पाहणी करणाऱ्यांची आवडती स्थळे होती. आणि ते स्वाभाविकच होते, कारण दगडाला "हलू नका" असे बजावावे लागत नाही. पण तुळजापूरच्या वाटेवर धावत सुटलेली पोरे, बाजारच्या दिवशी शर्यत लावून घरी परतणाऱ्या बैलगाड्या, मैदानावर रंगलेला खेळ, हे त्या काळच्या यंत्राच्या आवाक्यातले नव्हते. जे उभे होते ते टिपले गेले आणि जे धावत होते ते निसटले. जिल्ह्याच्या चित्रमय इतिहासातली ही खरी उणीव आहे.

१८७० नंतरच्या दशकात अधिक तरल अशा कोरड्या काचा आल्या, झडपा वेगवान झाल्या, आणि धावत्याला गाठण्याची खटपट सुरू झाली. १८७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियात मायब्रिज याने एका पांढऱ्या भिंतीसमोर बारा कॅमेरे ओळीने मांडून त्यांच्यापुढून घोडी दौडवली. दौडत असता एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात हे सिद्ध झाले. शिवाय तो क्षण चित्रकार काढत आले तसा पाय पुढेमागे फेकलेला नसून पाय पोटाखाली घेतल्याचा असतो, हेही कळले. चार वर्षांनी, १८८२ मध्ये, फ्रान्सच्या मारे या शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा बनवला. उडत्या पक्ष्यावर नळी रोखायची, त्याच्याबरोबर ती फिरवत न्यायची आणि चाप ओढायचा. सेकंदाला बारा चित्रे निघत. आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र घेतले. सिनेमावाले कॅमेरा आडवा फिरवून विस्तीर्ण देखावा दाखवू लागले आणि 'पॅनोरमा' या शब्दाचे त्यांनी 'पॅन' केले. साध्या छायाचित्रकारांच्या 'पॅनिंग'चे मूळ तेच.

धावत्याला टिपण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, झडप इतकी झटकन मिटवायची की हालचालीला सवडच मिळू नये. धावपटू सेकंदाला सहा मीटर धावतो असे धरले, तर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात तो जेमतेम सहा मिलिमीटर सरकतो. चित्र कोरल्यासारखे स्वच्छ येते. मात्र धावणारा माणूस कोणीतरी मध्येच बांधून ठेवल्यासारखा दिसतो. दुसरी वाट पॅनिंगची. झडप मुद्दाम सावकाश ठेवायची, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाइतकी. एवढ्या वेळात तोच धावपटू वीस सेंटिमीटर पुढे जातो. कॅमेरा स्थिर असेल तर आपला बाळू ठरलेलाच! पण कॅमेराही त्याच्या चालीने फिरला, तर धावणारा ठळक उमटतो आणि मागची झाडे, भिंती, माणसे यांचे आडवे पट्टे होतात. मारेच्या बंदुकीमागे शिकाऱ्याचा जो अभ्यास होता, तोच इथे कामी येतो.

या वाटेवरचे एक प्रसिद्ध चित्र चुकलेलेच म्हणावे लागेल. लार्तिग या फ्रेंच तरुणाने मोटारींच्या शर्यतीत भरधाव गाडीबरोबर आपला कॅमेरा फिरवला. हे चित्र १९१२ चे म्हणून प्रसिद्ध झाले. पुढच्या संशोधकांच्या मते ते १९१३ चे. गाडीचा पुढला भाग चौकटीबाहेर गेला, कारण हात गाडीपेक्षा मागे पडला. त्याच्या कॅमेऱ्यातील झडप म्हणजे काचेवरून सरकणारी एक फट होती. ती सरकत असता गाडी पुढे जात राहिली, म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे कलले. कॅमेरा फिरत होता म्हणून प्रेक्षक आणि खांब उलट बाजूला झुकले. सारे काही बिघडले, आणि तरीही वेग म्हणजे काय हे त्या चित्राइतके क्वचितच कोणी सांगितले असेल. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तिगचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

आता परत धाराशिवला येऊ. हा जिल्हा खो-खोचे माहेर मानला जातो. भारतीय महिला संघाची माजी कर्णधार सारिका काळे इथलीच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिच्या नावावर आहे. पॅनिंग शिकण्यासाठी खो-खोसारखा गुरू नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण खेळाच्या नियमांतच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांत बसवले. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही आणि मधली रेघ ओलांडायची नाही. पळणारा मात्र बसलेल्या आठजणांमधून हवा तसा नागमोडी पळू शकतो. नवशिक्याने पळणाऱ्याच्या नादी लागू नये. पाठलाग करणारा कुठून कुठे जाणार हे ठाऊक असते. त्याच्या मार्गाला काटकोनात, आठ-दहा मीटरांवर उभे राहावे.

पाय थोडे फाकवून, जिथे चित्र घ्यायचे त्या जागेकडे तोंड करून ठाण मांडावे. कोपरे बरगड्यांना टेकवावीत. भिंग त्या जागेवर आधीच नेमके करून ठेवावे. मग कमरेतून मागे वळून धावणाऱ्याला चौकटीत घ्यावे आणि छातीवरील क्रमांक चौकटीच्या एकाच ठिकाणी राहील अशा बेताने त्याच्याबरोबर फिरत यावे. चाप हळुवार दाबावा आणि दाबल्यावरही फिरणे थांबवू नये. विटी मारल्यावर दांडू जसा पुढे जातो, तसा कॅमेरा पुढे गेला पाहिजे. नवशिक्याचे बहुतेक चित्र इथेच फसते. चाप दाबताच हात आपोआप थबकतो.

मी हे शिकलो ते एका शाळेच्या मैदानावर. पहिल्या रोळातील छत्तीस चित्रांत छत्तीस पट्टे निघाले. दुसऱ्या खेपेस एका चित्रात मुलीचा चेहरा स्वच्छ उमटला, मागे बसलेल्या मैत्रिणी पाण्यात पडलेल्या रंगासारख्या पसरल्या होत्या. नवल वाटले ते तिच्या पायांचे. हवेतला पाय पुसट होता ते समजण्यासारखे. पण जमिनीवर घट्ट रोवलेला पायही तितकाच पुसट! विचार केल्यावर उलगडा झाला. तो पाय क्षणभर जमिनीबरोबर स्थिर होता आणि कॅमेरा मुलीबरोबर चालला होता. दागेरच्या रस्त्यावर धावणारे पुसले गेले. इथे थांबलेले पुसले जाते. आणि मध्येच "खो!" अशी आरोळी उठते, हातातली मुलगी बसते, दुसरी भलत्याच बाजूला उठून धावते, आणि आपण रिकाम्या मैदानाकडे रोखून पाहत राहतो.

हे सारे सांगण्याचे कारण बार्शी लाइट ही गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियराची ही अडीच फुटी रुळांची रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकी या मार्गाने लातूरला पोहोचली. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, अशी तिची थट्टा होई. २००८ पर्यंत रुंद रूळ आले, नव्या मार्गाने गाडी खुद्द धाराशिव शहरात पोहोचली, आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. सोय झाली, तक्रार नाही. पण जुन्या मंडळींना तिच्याविषयी विचारावे तर ती फलाटावर उभ्या असलेल्या इंजिनाची गोष्ट सांगत नाहीत. खिडकीतून पळणारी ज्वारीची शेते, रुळांकडेने हात हालवत धावणारी पोरे, मागे पसरत गेलेला धूर, हेच त्यांना आठवते. उभ्या गाडीच्या चित्रात यातले काहीच नसते.

लेणी उद्याही जागेवर सापडतील. अंगणातले पोर पुढच्या दिवाळीला एवढे राहणार नाही. म्हणून यंदा घरच्या मंडळींचे नेहमीचे चित्र अवश्य घ्यावे. पण धाकटे चिरंजीव मांजरामागे निघाले की हुकूम सोडू नये. ठाण मांडावे आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा फिरवावा. पहिली दहा-वीस चित्रे फुकट जातील. एखाद्या चित्रात तुळशीवृंदावन, रांगोळी, खुर्च्यांवरची थोरली माणसे यांचे रंगीत पट्टे होतील आणि मधोमध बाळूचा चेहरा स्वच्छ दिसेल. मग आजीला बोट ठेवून सांगावे लागणार नाही.